भरलेल्या बॅटऱ्या

फ्यूजच्या धाकट्या बहिणीने पळून जाऊन लग्न केलं आणि बाबांनी तिला महिन्याभरात माफही केलं, त्याच वर्षी वस्तीवर परदेशी मदतीची तपासणी आली.

फ्यूज हा वस्तीच्या सौर केंद्राचा ऑपरेटर. लहानपणापासून डोकं पटकन उडायचं म्हणून हे नाव पडलं, आणि पुढे कामही तसलंच मिळालं. पण त्या सकाळी तो थंड डोक्याने घरोघर फिरत होता. आदल्या दिवशीच त्याने सगळ्यांचे पंखे, टीव्ही, पाण्याच्या मोटारी बंद करवल्या होत्या. कुणी चोरून काही लावलंय का, ते बघत होता.

"कालपासून अंधारात बसलोय रे," शेजारची मावशी म्हणाली.

"आजचा दिवस कळ काढ, मावशी. नव्या बॅटऱ्या आल्या की मालिकेतली ती सासू मरेपर्यंत टीव्ही बघ."

"ती कसली मरतेय! आपल्यालाच पोचवून येईल."

केंद्र उभं राहिलं ते दोन देशांच्या करारातून. परदेशी निधीतून छतभर पॅनेल आले, खोलीभर बॅटऱ्या आल्या. पॅनेल अजून ठणठणीत होते. बॅटऱ्या मात्र थकल्या होत्या. ऊन उतरलं की मान टाकायच्या. संध्याकाळी सगळी वस्ती दिवे मालवून बसायची, तेव्हा कुठे दवाखान्यातलं एक यंत्र सकाळपर्यंत तग धरायचं. त्या यंत्रावर बाबांचा श्वास चालत होता. ढगाळ दिवस आला की ऑक्सिजनचा सिलिंडर लावायचा.

आता नव्या बॅटऱ्यांसाठी निधीचा दुसरा हप्ता द्यायचा की नाही, ते ठरवायला पाहुणे येत होते. बॅटऱ्यांचा काटा भरलेला दिसावा म्हणून फ्यूजने बाबांचं यंत्रही बंद केलं होतं. बाबा सिलिंडरवर होते.

"हा शेवटचा आहे," दवाखान्यातली सिस्टर म्हणाली. "शहरातून दुसरा कधी येईल, देव जाणे. सरळ सांगून टाका ना त्यांना, बॅटऱ्या मेल्यात म्हणून."

"मेल्या म्हटलं की मारल्या कुणी, हा पुढचा प्रश्न. ज्यांना दिलेलं सांभाळता येत नाही, त्यांना पुन्हा कोण देतं?"

खाटेवरून बाबांनी मास्क जरा बाजूला केला. "पोरगं बरोबर बोलतंय. पाहुण्यांपुढे फाटकं नेसून बसू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तुम्ही आधी तो मास्क लावा," सिस्टर करवादली.

पाहुणे सकाळी यायचे होते. ऊन डोक्यावर आलं, कलायला लागलं, तरी गाडीचा पत्ता नव्हता. फ्यूज एकदा सूर्याकडे बघायचा, एकदा सिलिंडरच्या काट्याकडे. दोन्ही खालीच चालले होते.

शेवटी गाडी आली. परदेशी इंजिनीअर बाई, सोबत एक दुभाषी. बाईंनी बॅटऱ्यांच्या खोलीत जाऊन मीटर पाहिला. काटा पार टोकाला. त्यांनी काहीतरी विचारलं.

"एखादं जड यंत्र चालवून दाखवा म्हणतात," दुभाषी म्हणाला.

फ्यूजने पिठाची गिरणी सुरू केली. बाहेर ऊन होतं तोवर गिरणीचा भार पॅनेलच पेलणार होते, बॅटऱ्यांना हात लागणार नव्हता. एक ढग कडेकडेने सरकत होता. फ्यूजच्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला. ढग पोचायच्या आत बाईंनी हाताने पुरे म्हटलं. काटा जागचा हलला नव्हता.

"आता दवाखाना बघायचाय," दुभाषी म्हणाला.

हे काही ठरलं नव्हतं. फ्यूज पुढे धावला, पण बाई लांब ढांगा टाकत त्याच्याआधीच दारात पोचल्या. बंद यंत्र, शेजारी सिलिंडर. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"यंत्र बंद का, विचारतात."

सिस्टरने तोंड उघडलं. फ्यूजने नुसतं तिच्याकडे बघितलं. तेवढ्यात बाबांनी मास्क काढून उशाला ठेवला आणि उठून बसले.

"यंत्र रात्रीपुरतं असतं," ते हसून म्हणाले. "दिवसा आम्ही गडी माणसं. सांगा बाईंना, हवं तर नाचून दाखवतो."

बाई हसल्या. खाटेशी बसल्या, नातवंडं किती ते विचारलं. बाबा एकेक शब्द वेगळा करून उत्तर देत राहिले. ओठ निळसर व्हायला लागले होते. फ्यूज भिंतीला टेकून उभा होता आणि मनातल्या मनात म्हणत होता, उठा बाई, उठा आता.

बाई उठल्या. त्या उंबऱ्याबाहेर पडल्या तशी सिस्टरने झडप घालून मास्क लावला आणि यंत्राचं बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं. बाबांनी डोळे मिटून अंगठा वर केला. सिलिंडरचा काटा शून्यावर टेकला होता.

अंगणात वस्ती जमली होती. बाई गाडीशी उभ्या राहून भरभरून बोलल्या.

"बाई फार खूश आहेत," दुभाषी म्हणाला. "म्हणतात, इतक्या वस्त्या फिरले, पण बॅटऱ्या एवढ्या चांगल्या ठेवलेल्या कुठेच पाहिल्या नाहीत."

टाळ्या पडल्या. मावशीने तर शिट्टी मारली. फ्यूजच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नव्या बॅटऱ्या एकाच वस्तीला पुरतील एवढ्या आहेत," दुभाषी पुढे म्हणाला. "तुम्हाला की नदीपलीकडच्यांना, हे ठरत नव्हतं. त्यांच्या पार मेल्यात, आणि त्यांनी काही न लपवता तसं सांगितलं. तुमच्या अजून कितीतरी वर्षं चालतील. त्यामुळे बाईंची काळजीच मिटली."

सिस्टर दवाखान्याच्या दारातून फ्यूजकडे बघत होती. सगळी वस्तीच बघत होती. त्याने हात जोडले.

"आभारी आहोत," तो म्हणाला.

त्या वर्षी आभाळ पहिल्यांदा भरून आलं ते सोमवारी, शहरातून सिलिंडर यायच्या आत. बुधवारी दिवेलागणीला बाबा गेले.