हळद पुसली

बेंबळी गावातल्या लग्नात अंतरपाट धरला आणि माझ्या कॅमेऱ्याचं कार्ड भरलं. भरणारच. मुहूर्त साडेबाराचा होता आणि दोन वाजेपर्यंत पुढाऱ्यांना फेटेच बांधणं चाललं होतं. नवरीच्या जांभयासुद्धा त्यात आल्या. जवळ दुसरं कार्ड होतं, पण त्यात सकाळची हळद.

नवरीचे वडील रामहरीअण्णा स्टेजवरच होते. म्हणलं, "अण्णा, एक कार्ड फॉरमॅट करावं लागतंय. त्यातलं सगळं जाणार. सत्कार पुसू?"

"येडा का खुळा तू? उद्या साहेबांनी व्हिडिओ मागितला तर? हळद पूस. घरचीच माणसं हायत तिच्यात."

पुसली. तिच्या जागी अक्षता घेतल्या.

आठ दिवसांनी अण्णा दुकानात आले. मी सत्काराचा पेनड्राइव्ह पुढं केला.

"ऱ्हाऊ दे. कुणीच मागितला न्हाय. परत्येकानं आपापला फोटोवाला आणलाच व्हता." मग हळूच म्हणाले, "सृष्टी सासरहून सारखी फोन करतीया. आजीसंगं नाचली ती हळद बघायची म्हणती. थोडीफार निघंल का?"

"न्हाय अण्णा. घरचीच माणसं होती तिच्यात."