एका अंड्याचा गुणाकार

प्राण्यांमधून शिकवलेला गुणाकार मूल जन्मभर विसरत नाही, असं बालमानसशास्त्र सांगतं. अच्युतने त्यासाठी जो एम्परर पेंग्विन निवडला, त्याची मादी मात्र एकच अंडं घालते.

बायको मस्कतला गेली ती परतली नव्हती. आता लेकीला निवासी शाळेत घालायचं, तर प्रवेशपरीक्षेपुरता गुणाकार यायला हवा होता.

“प्रत्येक बाबाच्या पायांवर एक अंडं. नऊ बाबा, तर अंडी किती?”

“नऊ. आणि आया कुठे आहेत?”

“समुद्रावर. पोट भरून परत येतात.”

“सगळ्या?”

“काहींना सील खातात.”

“मग त्या अंड्याचा बाबा काय करतो?”

“वाट बघतो. भूक सोसेना झाली की तोही समुद्रावर जातो.”

“अंडं तिथेच टाकून?”

“हो. तू गणित कर बघू.”

तिने केलं. परीक्षेतही एकही चुकवलं नाही. पहिल्याच यादीत तिला प्रवेश मिळाला.