मागचा श्वास

यवतेश्वरचा घाट चढताना इंदुमतीने सवयीप्रमाणे मागे पाहिलं नाही. मॅरेथॉन पळायची तेव्हा गुरुजींनी बजावलं होतं, मागे वळायचं नाही, मागून पळणारीचा अंदाज कानांनी घ्यायचा. सगळी पदकं तिने अशीच मिळवली होती.

आता मागे फक्त नवरा होता. हृदयाच्या ऑपरेशननंतर आज पहिल्यांदाच तो तिच्यासोबत फिरायला आला होता. "तू हो पुढे, मी येतो सावकाश," म्हणाला होता.

वळणावर मागचा श्वास अडखळला, पावलं फरफटू लागली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. मागचीचा दम संपला, आता निसटायचं. विचार करायच्या आत तिची पावलं झपाझप पडू लागली.

मग मागे सगळं शांत झालं.

शर्यतीत ही शांतता ऐकली की ती मनात हसायची. आज मात्र ती गर्रकन वळली आणि उतारावर धावत सुटली.

तो कठड्याला टेकून बसला होता, घामाने डबडबलेला.

"मागे बघितलंस," तो कसाबसा हसला. "हरलीस."

"गप बसा," म्हणत तिने त्याच्या छातीला कान लावला. "ऐकू द्या."