फाटकासमोरचा बाप

जीवरामआबांनी समोर आलेला चहाचा कप हळूच बाजूला सरकवला. "इचार पोरी," ते म्हणाले.

मयुरीने कॅमेरामनला खूण केली. पिंपळनेरच्या या साधना केंद्रावर ती वृत्तमालिका करत होती आणि तिला तिचा नायक सापडला होता. असोद्याची केळीची बाग वाऱ्यावर सोडून, आत अडकलेल्या मुलासाठी फाटकासमोरच खोली घेऊन राहिलेला बाप!

"दीपक यांच्या नादी लागला कसा?"

आबांनी डोळे मिटले, सावकाश श्वास घेतला. किती सोसलंय बिचाऱ्यांनी, मयुरीला वाटलं.

"पिंप्राळ्यात यांचा क्लास होता. चारचौघांत बोलाले शिकवत. पोऱ्या लाजरा, म्हून मीच धाडला. तो बोलाले लागला, पहाटे उठाले लागला. मंग चहा सुटला, मंग फोन. एक दिवस घरच सुटलं."

"आणि तुम्ही?"

"त्याच्या मायले सांगून निंघालो, पोऱ्याले घेतल्याशिवाय मी काही येत नाही. रोज फाटकात उभा राहे. मंग ते सकाळच्या बैठकीले बसू द्याले लागले. तेवढाच पोऱ्या दिसे."

"राग नाही येत त्यांचा?"

पुन्हा डोळे मिटले. "पहिले येई."

मयुरीला आता राहवेना. इतका वेळ दाबून ठेवलेला व्हिडिओ तिने मोबाईलवर लावून त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर दीपक होता. असोद्याच्या ओट्यावर, आई सुनंदाबाईंच्या शेजारी, हातात चहाची बशी.

"आबा, मी राती पळून आलो. घरीच हाये. तुम्ही बी या आता." पुढे त्याला बोलवेना. सुनंदाबाईंनी पदर तोंडाला लावला.

कॅमेरा जवळ सरकला. आबांनी शेवटपर्यंत पाहिलं. डोळे मिटले, उघडले. मग उठून खुंटीवरची टोपी डोक्यावर चढवली.

"चाल पोरी. असोद्याले जाऊ."

मालिका गेली खड्ड्यात, एक घर पुन्हा भरणार होतं. मयुरीने स्वतः धावत जाऊन गाडीचं दार उघडलं.

केंद्राच्या फाटकाजवळ आबांनी गाडी थांबवायला सांगितली. पहारेकरी नवल लगबगीने आला आणि खिडकीशी वाकला.

"बठ्ठं ठीक शे ना, आबा?"

"बैठकीतलं दीपकचं आसन उचलू नको," आबा शांतपणे म्हणाले. "पोऱ्याले घेतल्याशिवाय मी काही येत नाही."