पोटात पाय

वर्षावनातल्या गोगलगाई शोधता शोधता सरांचे गुडघे गेले, पण एका डोंगरावर त्यांना सत्तेचाळीस जाती सापडल्या. शेवटचं पुस्तक लिहून झालं तेव्हा ते पार थकले होते. नेहमीसारखा कागदांचा गठ्ठा बायकोपुढे ठेवून "ऱ्हस्व-दीर्घ तेवढं बघ गं," एवढंच म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. पस्तीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांच्या लिखाणातलं दुसरं काही कधी तपासलं नव्हतं, आणि तोंडानं तर ती चकार शब्द काढत नसे. "आमची ही म्हणजे गोगलगाय!" असं ते चारचौघांत कौतुकानं सांगत.

आठवड्यानं गठ्ठा त्यांच्या टेबलावर, गार झालेल्या चहाशेजारी आला. वेलांट्या, उकार, सगळं चोख दुरुस्त केलेलं होतं. शेवटच्या पानावर मात्र एका वाक्याखाली रेघ होती: "एकाच झाडावर राहूनही गोगलगाईंचे दोन गट हजारो पिढ्या एकमेकांकडे फिरकले नाहीत, तर त्यांच्या दोन वेगळ्या जाती होतात."

समासात तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं,

"हजारो पिढ्या कशाला? पस्तीस वर्षं पुरतात."