शाकाहारी फटफटी

शर्यती सोडल्यावर कळसाडीचे आमचे रतिलालकाका नदीच्या कोरड्या वाळूत निव्वळ हौसेपोटी फटफटी उडवत. गाडी टू-स्ट्रोक, पेट्रोलात तेल मिसळावं लागे. इंजिनाचं तेल संपलं की काका शेंगदाण्याचं ओतत. मग धुराला भज्यांचा वास येई आणि अख्खं गाव विनाकारण भुकेलं होई.

त्या आठवड्यात मात्र धुराला मटणाचा वास येऊ लागला.

आमच्या घरात कधी अंडंही आलेलं नाही. मीनाकाकूंनी पदर नाकाला लावला. "आज वास काढा, नही ते उद्या गाडी भंगारमा!"

गाडी कालपासून बंद होती. काका सायलेन्सर खरवडायला बसले. काळी, चिकट काजळी निघेल म्हणून त्यांनी आत तार घातली. तार बाहेर आली ती लखलखीत, लाळेनं ओली.

"कुत्रं शिरनं व्हई," मी म्हणालो. भोक रुपयाएवढं होतं, पण काहीतरी बोलणं भाग होतं.

गाडी गमवायची काकांची तयारी नव्हती. त्यांनी बोट आत घातलं.

"काय शे आत?" काकूंनी विचारलं.

"ऊनऊन शे," काका अगदी हळू म्हणाले. "आनि बोट चोखी ऱ्हायनं."