दादाचे बूट

दलदलीतल्या सापांच्या मोजणीला निघायचं होतं, म्हणून धाकटीने टेबलावर सगळा जामानिमा मांडला: लांब काठी, साप धरायचा चिमटा, टॉर्च आणि गुडघ्यापर्यंतचे कोरे करकरीत बूट.

"नव्यांच्या भरवशावर कुठे जातेस? माझे ने, माप एकच आहे आपलं," दादा म्हणाला. वीस वर्षं त्याने हीच मोजणी केली होती, पण त्याला एकदाही साप चावला नव्हता.

आईमागे तिला वाढवणाऱ्या दादाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तिने त्याचे जुने बूट उचलले. डाव्या घोट्यापाशी दातांची दोन भोकं होती. तिने त्यांवरून बोट फिरवलं. चामडं बाहेरच्या बाजूला फुटलं होतं. चावणारं आतच होतं.

बूट घालण्याआधी उलटा करून आपटायचा, हे दादानेच लहानपणापासून कानीकपाळी ओरडून तिला शिकवलं होतं. तिने बूट उलटा केला, तसं दादाने तिचं मनगट घट्ट धरलं.

"आपटू नकोस गं," तो हळूच म्हणाला. "त्याला नाही आवडत."

त्याच्या नजरेला नजर देववेना, म्हणून तिने खाली पाहिलं. तिचे नवे बूट दादाने केव्हाच पायात चढवले होते.